नाही म्हणता म्हणता ऐंशी पानं

त्या दिवशी मी बनित्साचा तिसरा तुकडा घेतला नसता, तर आज बल्गेरियात, प्लेव्हेनच्या पाणीपट्टीच्या कचेरीत खिडकीमागे सुखाने बसून लोकांवर संशय घेत असतो.

संशय हा माझा छंद नव्हे, ती माझी नोकरी होती. बावीस वर्षं मी पाण्याच्या मीटरच्या तक्रारी ऐकल्या. 'मीटर उगाच पळतो हो' म्हणून रडणाऱ्या माणसाने परसात तळं बांधून बदकं पाळलेली असतात, हे मी अनुभवाने शिकलो. पुढे सवयच लागली. कुणी नुसतं 'शुभ सकाळ' म्हणालं तरी मी मनात म्हणायचो, याला काय हवंय? (आमच्या लग्नात नोंदणीवाल्या बाईंनी "हिचा स्वीकार करता का?" असं विचारल्यावर मी "का बरं विचारताय?" असं म्हणालो होतो, हे माझी बायको स्टोयांका अजून चारचौघांत सांगते. मी फक्त खात्री करून घेत होतो.)

तर तो तिसरा तुकडा. मेहुण्याच्या, म्हणजे झेल्याझ्कोच्या घरी जेवण होतं आणि बनित्सा स्टोयांकाने केला होता. कागदासारख्या पातळ पोळ्या, मध्ये चीज आणि अंडी, वरून लोण्याचा हात. तिच्या आईची कृती. ती मरताना हिच्या कानात सांगून गेली, मला अजून सांगितलेली नाही.

"एंचो," झेल्याझ्को म्हणाला, "एवढा आवडतो तर बायकोला हॉटेल काढून दे की!"

"काढीन की!"

"इथं कोण येणार? घरोघरी बनित्सा आहे."

"मग जिथं घरोघरी नाही तिथं काढीन. परदेशात काढीन!"

"तू?" झेल्याझ्को हसायला लागला. "अरे, तू शेजारच्या गावाला जायचं तरी दोन दिवस आधीपासून दाराला कुलूप लावून बघतोस!"

तो हसला, त्याची बायको हसली, त्यांचा कुत्रासुद्धा माझ्याकडे बघून जांभई देऊन गेला. पुरुषाच्या आयुष्यात काही निर्णय असे कुत्र्यामुळे होतात. चार महिन्यांनी माझा राजीनामा मंजूर झाला होता, घर भाड्याने गेलं होतं आणि आम्ही दोघं ग्रीसच्या दक्षिण टोकाला, कालामाता शहराच्याही पुढच्या एका चिमुकल्या बंदरावर सहा टेबलांच्या एका गाळ्यात उभे होतो.

"आणि भाषेचं काय?" स्टोयांकाने विचारलं. (हा प्रश्न तिने प्लेव्हेनमध्येही विचारला होता. तेव्हा मी पेट्या बांधण्यात गुंतलो होतो.)

"भाषा माझ्यावर सोड."

माझ्याकडे खिशात मावणारं एक पुस्तक होतं. त्यातली भाज्यांची दोन पानं मी तोंडपाठ केली होती. बाकीचं कशाला शिकायचं? त्यांची अक्षरं म्हणजे आमच्या अक्षरांची थोरली भावंडं. आणि 'नाही' म्हणायला तर शिकावंच लागत नाही. आम्ही बल्गेरियन लोक 'ने' म्हणतो. सर्बियात 'ने', चेक लोकांत 'ने', रशियात 'न्येत', इंग्रजांत 'नो'. साऱ्या जगाने 'न'वर एकमत केलंय. ग्रीकांनीच काय घोडं मारलंय? आणि तसंच निघालं. बंदरावर दिवसभर 'ने, ने' ऐकू यायचं. कोळी फोन कानाला लावून पंधरा पंधरा मिनिटं 'ने, ने, ने' करत उभे असायचे. त्यावरून मी ओळखलं, की हे लोक हाडाचे नकारघंटे आहेत. त्यांच्यात राहायचं तर सावध राहायला हवं.

पहिल्या दिवसापासून माझा संशय खरा ठरत गेला. हॉटेल उघडलं, टेबलांवर चौकडीचे कपडे घातले, मी दारात उभा राहिलो. माणसं येत, आत डोकावत, मला काहीतरी विचारत. 'उघडं आहे का?' एवढं तर कुठल्याही भाषेत चेहऱ्यावरून कळतं. मी तोंडभर हसून, आमच्याकडे कुठलाही कुलीन माणूस 'हो हो, या ना' म्हणताना हलवतो तशी मान छान डावीउजवीकडे हलवायचो. (आमच्यात 'नाही'ला मान वरखाली करतात, 'हो'ला आडवी. तुमच्यात काय करतात ते तुमचं तुम्ही बघा.) ती माणसं माझ्याकडे बघायची, मग एकमेकांकडे बघायची, आणि सरळ रस्ता ओलांडून समोर स्तामातिसच्या खानावळीत जाऊन बसायची. एका म्हातारीने तर जाताना छातीवर क्रूस काढला.

तीन आठवडे! तीन आठवड्यांत एक गिऱ्हाईक बसलं, आणि तेही आंधळं होतं.

"यांना कुणीतरी पढवलंय," मी स्टोयांकाला म्हणालो.

"कुणी?"

मी समोर बोट दाखवलं. स्तामातिस त्याच्या दारात उभा होता. पोट एवढं, की त्याच्या आधी रस्ता ओलांडायचं. मिशा अशा, की त्यांच्यामागे काय चाललंय याचा थांग लागू नये. रोज संध्याकाळी हा गृहस्थ माझ्याकडे यायचा, खुर्ची न घेता उभ्याउभ्या एकेक पदार्थ चमच्याने चाखायचा, आणि काही न बोलता निघून जायचा. आमचं काकडीचं गार दह्याचं सूप चाखताना, आपल्या घरच्या दह्यात कुणीतरी पाणी ओतलंय असा त्याचा चेहरा व्हायचा. पण वाटी चाटूनपुसून रिकामी! शत्रूच्या गोटात शिरून माणूस दारूगोळा मोजतो, तसं चाललं होतं.

मीही गप्प बसलो नाही. बशीत बनित्साचे तुकडे मांडून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. जो येईल त्याच्यापुढे बशी! आणि प्रत्येक जण मला चुकवून जाताना म्हणायचा, "ओही, ओही."

 आमच्या भाषेत 'ओची' म्हणजे डोळे. या लोकांना च नीट म्हणता येत नाही एवढंच. बशी बघितली की डोळे, दुकान बघितलं की डोळे.

"स्टोयांका, आपल्याला नजर लागलीय! सगळं गाव तेच बोलतंय."

"तू बशी धरून लोकांच्या अंगावर धावतोस म्हणून बोलत असतील. आधी त्या माशा हाकल."

मी दारावर लसणाची माळ आणि निळा मणी टांगला. लसणाचा उपयोग झाला नाही असं नाही. त्या दिवसापासून म्हाताऱ्या पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागल्या.

त्यात स्टोयांकाचं वागणंही मला खटकायला लागलं. दुपारी ती आमच्या गाळ्याच्या मालकीणबाईंकडे जाऊन बसायची. पोलिक्सेनीबाई म्हणजे सत्तरीची विधवा, नखशिखांत काळे कपडे, नजर अशी की भिंतीतल्या वायरी दिसाव्यात. त्यांच्याकडून येताना स्टोयांका गुणगुणत यायची. ज्या बाईला गावातला एक शब्द कळत नाही, ती चार तास काय करते? माझ्या मते एकच शक्यता होती. त्या तिच्याकडून बनित्साची कृती काढून घेत होत्या. स्तामातिससाठी.

"काय करता तुम्ही दोघी तिथं?"

"बसतो. बोलतो."

"कुठल्या भाषेत?"

"बायकांच्या."



मग तो सोमवार आला. स्तामातिस आला, पण नेहमीसारखा नाही. कोट घालून, टोपी हातात धरून. शेजारच्या टेबलाशी बसला आणि बोलायला लागला. मला एक अक्षर कळलं नाही, पण हातवारे स्वच्छ होते. त्याने माझी टेबलं दाखवली. मग भट्टी दाखवली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणजे, हे सगळं माझं व्हायला पाहिजे!

"ने!" मी गरजलो, आणि मान खालीवर अशी केली की मणका वाजला.

त्याचे डोळे चमकले. त्याने पुन्हा काहीतरी विचारलं, बोटांनी आठ दाखवले आणि पुढे हवेत शून्य काढलं. ऐंशी. ऐंशी तासांत गाळा खाली कर म्हणतोय! मी मनात हिशेब केला, गुरुवार.

"ने!"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारावर बोट ठेवलं. वा! तीन दिवसांची सवलत देतोय, मेहेरबानी.

"ने! ने! ने!"

आणि तो माणूस उठला आणि त्याने मला दोन्ही गालांवर मुके दिले. मिशा टोचल्या. मी तसाच ताठ उभा राहिलो. पाठीत सुरा खुपसणारा आधी पाठ चाचपून बघतो, हे मला माहीत होतं.

दुपारी स्टोयांका पोलिक्सेनीबाईंकडून जवळजवळ पळतच आली.

"स्तामातिस आला होता म्हणे?"

"आला होता."

"मग? काय म्हणालास?"

"म्हणायला हवं तेच. तोंडावर."

"सगळ्याला?"

"फिरून फिरून विचारत होता. मी एकच उत्तर. जराही डगमगलो नाही."

 मग तिने पिठाचा हात तसाच माझ्या गालावर ठेवला. असं तिने बहुतेक अकरा वर्षांत केलं नव्हतं.

"एंचो, खरं सांगू? मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढी हिंमत असेल."

"हॅ! त्यात काय!"

"पण झेपेल ना रे? रविवार काही लांब नाही."

"येऊ दे रविवार. मी आहे ना!"

"मग मी आता रोज पोलिक्सेनीबाईंकडेच असेन. त्यांची भट्टी मोठी आहे." आणि ती गुणगुणत गेलीसुद्धा. घरावर संकट आलंय आणि हिला भट्टीचं कौतुक! पण गालावर पीठ होतं, म्हणून मी बोललो नाही.

बुधवारी दोन धटिंगण आले आणि माझ्या दारात खुर्च्या रचायला लागले. हळूहळू ताबा घ्यायची ही पद्धत मी ओळखून होतो. आमच्याकडे लोक असंच करून अंगण वाढवतात. मी बाहेर धावलो. "ने! ने!" ते थांबले, खुश होऊन हसले, आणि आणखी दहा खुर्च्या घेऊन आले. मी आणखी ओरडलो. आणखी दहा आल्या. शेवटी घसा बसला म्हणून मी गप्प झालो, तेव्हा कुठे खुर्च्या थांबल्या.

गुरुवारी खाटीक आला. खांद्यावर सोललेलं अख्खं कोकरू. त्याने ते भट्टीजवळ ठेवलं आणि दुसरं आणू का, अशा अर्थाने दोन बोटं वर केली. "ने!" त्याने दुसरं आणलं. तीन बोटं. "ने, अरे माणसा, ने!" त्याने तिसरं आणलं. चौथ्याच्या वेळी मी दाराला पाठ लावून बसलो. हे धमकीचं लक्षण होतं यात मला शंका उरली नाही. कुठल्या तरी देशात दारात मेलेला मासा टाकतात म्हणे. इथं गाव श्रीमंत होतं, कोकरं टाकत होतं.

शुक्रवारी पोलिक्सेनीबाई काळ्या कपड्यांतल्या तीन साथीदारिणींना घेऊन आल्या. त्यांनी फितीने भिंती मोजल्या, पांढरे पडदे टांगले, आणि मग कोपऱ्यात बसून पांढऱ्या जाळीच्या कापडात काही पांढरे खडे बांधून शंभरेक पुरचुंड्या केल्या. प्रत्येक पुरचुंडी बांधताना माझ्याकडे बघून हसायच्या. पांढरे पडदे, काळ्या बायका, मंतरलेले खडे! माझी मापं तेवढी घ्यायची राहिली होती. त्या गेल्यावर मी एक खडा फोडून बघायला दाताखाली धरला. खडा फुटला नाही, दाढ फुटली. गोड मात्र होता.

शनिवारी स्टोयांका घरी फक्त कपडे बदलायला आली. "सगळं तयार आहे," म्हणाली. "तू उद्या चांगला शर्ट घाल." म्हणजे हीसुद्धा! माझं स्वतःचं माणूस फुटलं होतं. त्या क्षणी मला कचेरीतली माझी खिडकी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. तिथे निदान खोटं बोलणारी माणसं काचेच्या पलीकडे असायची.

रविवारी सकाळीच प्लेव्हेनहून आणलेली आमची निळी गाडी मी वळणावर रस्त्यात आडवी लावून आलो. दुपारी चर्चच्या घंटा थांबल्या आणि मी दाराला आतून कडी घातली. एक टेबल दाराला लावलं, हातात कोकरू भाजायची सळई घेतली आणि पडद्याच्या फटीतून बघत राहिलो. ते येत होते. सगळं गाव! पुढे धर्मगुरू, त्यांच्यामागे स्तामातिस, आणि स्तामातिसच्या हातात लेसच्या झबल्यातलं एक बाळ. काय धूर्त माणूस! बाळ पुढे धरलं की मी सळई उगारणार नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं. मागे सुटाबुटातले पुरुष, टाचांच्या बुटातल्या बायका, दोन व्हायोलिनवाले. घराबाहेर काढायला आलेले लोक वाजंत्री आणतात, हे मात्र मला नवीन होतं.

दार वाजलं.  तेवढ्यात मागच्या दाराने स्टोयांका आत आली. हातात बनित्साची परात, मागे पोलिक्सेनीबाई, त्यांच्याही हातात परात.

"दार का लावलंस?"

"हळू बोल! ते आलेत."

"अरे, आलेत म्हणजे? येणारच. तूच तर बोलावलंस."

"मी?"

"बारसं आहे, एंचो! स्तामातिसच्या नातीचं. ऐंशी माणसं. तू त्याला हो म्हणालास ना?"

"मी 'ने' म्हणालो! तोंडावर म्हणालो! मान अशी खालीवर करून म्हणालो!"

स्टोयांकाने परात टेबलावर ठेवली. फार हळू ठेवली.

"एंचो," ती म्हणाली, "इथं 'ने' म्हणजे 'हो'."

बाहेर व्हायोलिन सुरू झालं.

"आणि मान खालीवर केली तर?"

"तर 'हो, नक्की'."

"आणि आडवी?"

"'नाही'."  मग तिने दाराकडे बघितलं, रिकाम्या टेबलांकडे बघितलं. "तीन आठवडे तू दारात उभा राहून काय करत होतास?"

 मी विचारलं, "आणि 'ओही'?"

"'नाही.' नको."

"म्हणजे डोळे नव्हेत?"

"कसले डोळे?"

मी सळई खाली ठेवली. हसेल, ओरडेल, झेल्याझ्कोला फोन लावेल, असं वाटलं. तिने यातलं काही केलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा तू कुणावर तरी विश्वास टाकलास. आठवडाभर मी खुशीत पोळ्या लाटत होते." आणि ती हात पुसायला लागली. हात स्वच्छ होते तरी पुसत होती.

बावीस वर्षं मी खिडकीमागे बसून शेकडो माणसांना खोटं ठरवलं, पण एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी जाऊन टेबल बाजूला केलं आणि कडी काढली. स्तामातिस समोर उभा होता. बाळ त्याच्या मिशा ओढत होतं. त्याने काहीतरी विचारलं. मी तोंड उघडलं नाही, मानही हलवली नाही, नुसता बाजूला झालो. ते मात्र सगळ्यांना कळलं.

पुढचे चार तास काय झालं, ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ऐंशी पानं उठत होती, बसत होती. बनित्साच्या सात पराती आणि पोलिक्सेनीबाईंच्या भट्टीत भाजलेली तिन्ही कोकरं संपली, आणि स्तामातिस मात्र चमचा हातात घेऊन पाहुण्यासारखा पाय पसरून बसला होता. पोलिक्सेनीबाईंकडे रोज चार तास बसून भाषा शिकलेल्या स्टोयांकाने मला जाता येता सांगितलं, की आपल्या नातीच्या बारशाला स्वतःच्या चुलीपुढे घाम गाळत उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं. बसून खायचं होतं त्याला. म्हणून महिनाभर आमची चव बघत होता. ज्या म्हातारीने क्रूस काढला होता ती सुपाची तिसरी वाटी मागत होती. मी वाढत होतो, ताटं उचलत होतो, त्या पुरचुंड्यांतले साखरेत घोळलेले बदाम वाटत होतो, आणि कुणी काही विचारलं की बोट स्टोयांकाकडे दाखवत होतो. एवढं निर्धास्त मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. कुणावर संशय घ्यायला वेळच नव्हता.

आणि मग स्तामातिस खुर्चीवर चढला. चमच्याने ग्लास वाजवला. व्हायोलिन थांबलं, सगळे शांत झाले. भरदार आवाजात तो बोलायला लागला. हात पसरून लांब डोंगराकडे नेला, म्हणजे मी किती दुरून आलो ते. मग रस्त्याकडे. मग कपाळावर हात मारला, मी काय काय सोसलं असेल ते आठवून. बाहेर कुणीतरी आनंदाने हॉर्न वाजवत होतं. लोक माना वळवून इकडेतिकडे बघायला लागले, जणू विचारत होते, कोण तो, कुठे आहे तो? स्तामातिसने शेवटी दोन्ही हात वर करून एक प्रश्न विचारला आणि तो थांबला.

 मी हातातली ताटं खाली ठेवली, सावकाश पुढे आलो, छातीवर हात ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाळ रडायला लागलं. पुरुष पाठीवर थापा मारत होते. दोघांनी मला प्रेमाने दंडाला धरून दाराकडे न्यायला सुरुवात केली. मिरवणूक काढताहेत, मी ओळखलं. मी डोळे पुसत सगळ्यांना हात हलवला.

दारात स्टोयांकाने मला गाठलं.

"ऐकलंस ना?" मी म्हणालो. "काय बोलला गं तो! सगळं सांग मला. एकेक शब्द सांग."

"तो म्हणाला, बाळाची पणजी डोंगरावरच्या गावातून टॅक्सीने आलीय आणि अर्धा तास त्या वळणावर अडकून हॉर्न वाजवतेय. कुठल्या गाढवाने आपली निळी गाडी रस्त्यात आडवी लावलीय?"